चोरदिंडीचा नकाशा

मी शाळेत चित्रकला शिकवते. किल्ला कसा पाहायचा, हे मला आमच्या इतिहासाच्या सरांनी शिकवलं. दर रविवारी त्यांच्या गाडीवर आम्ही गडचांदूरच्या पुढे, डोंगरातल्या एका जुन्या किल्ल्यावर जायचो. ते टेप धरायचे, मी रेखाटायची.

"रस्ता पाहा बाई, कसा वळवला," ते म्हणायचे. चढणाऱ्याची उजवी बाजू, जिकडे ढाल नसते, नेमकी तीच तटाकडे येत होती. दरवाजा दोन बुरुजांच्या आड. समोर जागा इतकी कमी की धडक द्यायला हत्तीला धाव घेता येऊ नये.

दुसऱ्या हिवाळ्यात मागच्या तटात, घाणेरीच्या झुडपांमागे, मला चोरदिंडी, तटातला छुपा दरवाजा, सापडली. वाकूनच शिरता येईल एवढी. आत लगेच काटकोनात वळण आणि वळणावर पहारेकऱ्याचा कोनाडा. मी आनंदानं ओरडलेच. सरांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"हे कोणाले सांगू नका बाई. गुप्तधनवाले खोदून टाकतील."

मी घरीही बोलले नाही. मापांसकट काढलेल्या चित्राची एक झेरॉक्स फक्त त्यांना दिली.

उन्हाळ्यात, आम्हाला दर रविवारी पाहणाऱ्या तिथल्या वनरक्षकाचा फोन आला. जाऊन पाहते तर दिंडीची चौकट उखडलेली, कोनाड्याच्या जागी माणूसभर खड्डा, कडेला लिंबं आणि कुंकू. त्यानं मातीत सापडलेला कागद पुढे केला. त्यावरच्या कोनाड्याभोवती कोणीतरी लाल गोल केला होता.

"बाई, हे अक्षर तुमचंच ना?"

हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सरांना व्हरांड्यात गाठलं. "सर, कागद कोणाले दिला?"

"साळ्यानं मागितला. नुसतं पाहून येतो म्हणे." मग चिडून म्हणाले, "तुम्ही काऊन एवढं मनाले लावून राह्यल्या? काही निघालं तर नाई तिथून!"

काही निघालं नाही, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

मी वनखात्यात लेखी जबाब दिला. सरांचं नाव लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. त्यांच्या मेहुण्याला पकडलं, सरांना समज देऊन सोडलं. शाळेतले लोक मात्र माझ्याशीच तुटक वागू लागले. आपल्याच माणसाला अडकवलं म्हणे.

परवा शेजारच्या वर्गात सर किल्ल्यांचा धडा शिकवत होते, माझ्या वर्गापर्यंत ऐकू येत होतं. फार छान शिकवतात. मी खडू खाली ठेवला आणि पोरांना म्हटलं, आज काहीही काढा.