शेवंताबाईंची बंद चूल

जबलपूरच्या गढा भागातल्या त्या गल्लीत शेवंताबाई रामटेक्यांविषयी लोक निरनिराळं बोलत, पण सगळ्यांचं बोलणं फिरून एकाच ठिकाणी येई. किराणा दुकानदार भैयालाल म्हणे, "अम्मा के दरवाज़े से तो डाकिया भी भूखा नहीं लौटता." शेजारच्या मीराबाई जरा तिरकं बोलत. "तिच्यापुढं कोणी रडलं तं ती वाटी भरते, अन् हसलं तरी वाटीच भरते. दुसरं काही तिले येतच नाही." हे बोलणं शेवंताबाईंच्या कानावर गेलं होतं. उत्तरादाखल त्यांनी मीराबाईंकडे वाटीभर कढी पाठवून दिली होती.

दोघांच्याही म्हणण्यात खोट नव्हती. सुखराम रामटेके मूळचे भंडाऱ्याकडचे. राज्यांची नवी आखणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि जबलपूर इकडे मध्य प्रदेशातच राहिलं, त्यानंतर दोन वर्षांनी ते इथल्या कारखान्यात लागले आणि लगोलग शेवंताबाईंना घेऊन आले. चौऱ्याहत्तर साली सुखराम वारले. मुलगी लता तेव्हा सात वर्षांची होती. शेवंताबाईंनी अंगणात मोठी चूल घातली आणि घरापासून दूर राहणाऱ्या कारकुनांना व कॉलेजच्या मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. पुढे लता लग्न होऊन नागपूरला गेली, तरी मेस चालू राहिली. कोणी नापास झाला की त्या दिवशी भरली वांगी होत. कोणाच्या घरून वाईट बातमी आली की आधी वरण-भात समोर येई, विचारपूस मागाहून. काळजी नावाच्या गोष्टीशी शेवंताबाईंचा व्यवहार हा असा होता. ती आली की त्या पीठ मळायला बसत, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतही असे.

मटरू त्यांच्याकडे आला तो जवळच्या पनागर गावच्या वाटाण्यांबरोबर. जानेवारीत गणपत भाजीवाल्याने अंगणात वाटाण्यांचं पोतं उतरवलं, आणि त्यामागून टोपलीत बसलेलं दोन महिन्यांचं तांबूस पिल्लू पुढे केलं.

"अम्मा, इसे भी तुलवा लो," तो म्हणाला.

"मले काय करायचं हाये याचं?" असं म्हणत शेवंताबाईंनी दुधात पोळी कुस्करली. त्यानंतर ते पिल्लू परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही. वाटाण्यांबरोबर आलं म्हणून मेसच्या मुलांनी त्याला मटरू म्हटलं.

मटरू खाऊन-पिऊन वाढला. त्याच्या पोटाखाली सुपारीएवढा फुगवटा दिसू लागला, तेव्हा शेवंताबाईंना तो आपल्या हातच्या जेवणाचा गुण वाटला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या कौतुकाने दाखवत. एप्रिलपर्यंत त्याचं लिंबू झालं, आणि मीराबाई एकदा खाली वाकून पाहत म्हणाल्या, "हे बाळसं नोहे, शेवंताबाई. गाठ होय ही." तेव्हा कुठे त्यांनी मटरूला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर विनता तरुण होती. घर मराठी असलं तरी वाढलेली जबलपुरातच, त्यामुळे ती वाक्य मराठीत सुरू करी आणि हिंदीत संपवी. तिने मटरूला उताणं केलं, बोटाने गाठ दाबली, आणि गाठ पोटात गडप झाली. बोट काढल्यावर ती पुन्हा वर आली.

"नाळेच्या जागी याच्या पोटाची भिंत जुळलीच नाही. त्या फटीतून आतडं बाहेर येतं. आज दाबलं की आत जातंय. ज्या दिवशी अडकेल ना, उस दिन हमारे पास टाइम नहीं रहेगा. मंगळवारी आणा, टाके घालून फट बंद करू."

"वाचंल ना तो?"

"ऑपरेशन अवघड नाही. पण गुंगीत असताना उलटी झाली आणि ती फुफ्फुसात गेली, तर मी काही करू शकणार नाही. म्हणून सोमवारी रात्री आठनंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. कुछ भी नहीं, अम्मा. समझीं?"

शेवंताबाईंनी मान हलवली. त्यांना खरोखरच समजलं होतं. अडचण समजण्याची नव्हती.

सोमवारी त्यांनी नियम पाळला. मंगळवारी पहाटे चूल पेटली, मुलांच्या डब्यांसाठी पहिली पोळी तव्यावर फुगली, आणि मटरू नेहमीसारखा येऊन चुलीपाशी बसला. तो भुंकला नाही, अंगावर आला नाही; नुसता पोळीकडे पाहत राहिला. या घरातून परीक्षेला कोणी उपाशी गेलं नव्हतं, मुलाखतीला गेलं नव्हतं, आगगाडीला गेलं नव्हतं. हा तर पोट फाडून घ्यायला चालला होता. शेवंताबाईंच्या हाताने अर्धी पोळी तोडली, दुधात बुडवली आणि त्याच्यापुढे ठेवली. वाटी चाटूनपुसून स्वच्छ झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

दवाखान्यात डॉक्टर विनताने कागद भरता भरता विचारलं, "रात्रीपासून काही दिलं नाही ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. मटरूला आत नेण्यासाठी माणूस येऊन उभाही राहिला होता.

"अर्धी पोळी देली," शेवंताबाई म्हणाल्या. "दुधासंगं."

विनताने पेन खाली ठेवलं. "काहून दिली?" तिच्या तोंडून आजीच्या घरातला शब्द निघाला. मग सावरून ती हिंदीत बोलली आणि कडक बोलली. आज ऑपरेशन होणार नाही, आता शुक्रवार. तोवर दर दोन-तीन तासांनी गाठ पाहायची. ती दगडासारखी कडक लागली, गरम लागली, किंवा कुत्रं ओकू लागलं, तर जसं असेल तसं उचलून आणायचं. "और अम्मा, शुक्रवारी पुन्हा हेच झालं, तर मी जबाबदार नाही."

ते तीन दिवस शेवंताबाईंनी कसे काढले, हे गल्लीत कोणाला कळलं नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर अर्ध्या पोळीपासून सांगावं लागलं असतं. भाजी चिरताना त्या मध्येच उठत, हात पदराला पुसत आणि मटरूच्या पोटाखाली बोटं घालत. गाठ मऊ लागली की पुन्हा विळीवर बसत. मटरूला हा खेळ वाटे. त्या दिसल्या की तो आपण होऊन उताणा पडे आणि पाय हलवी. बुधवारी संध्याकाळी गाठ जरा टणक लागली. त्या ओट्यावर बसून हळूहळू दाबत राहिल्या. बऱ्याच वेळाने ती आत सरकली.

त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. मुलं तसंच जेवली.

गुरुवारी दुपारची भांडी घासता घासता त्यांनी सगळ्याचा नीट विचार केला. हाताला समजावून उपयोग नाही, हे त्यांना पटलं. चूल पेटली की पोळी होणार, पोळी झाली की मटरू येऊन बसणार, आणि तो बसला की आपला हात त्याच्याकडे जाणार. मंगळवारी मन घट्ट नव्हतं असं नव्हे. चूल पेटलेली होती, एवढंच. तेव्हा चूलच पेटवायची नाही. संध्याकाळी त्यांनी विस्तवावर पाणी ओतलं. पिठाचा डबा, गुळाचा डबा, दुधाचं पातेलं, सारं स्वयंपाकघरात ठेवून दाराला कुलूप घातलं. मुलांच्या हिशेबाच्या पाटीवर खडूने लिहिलं, 'आज-उद्या जेवण नाही', आणि पाटी फाटकाला टांगली. कारण लिहिलं नाही. आपण जेवलो नाही, हे त्यांना कुलूप लावल्यावर आठवलं. पण आता उघडायला जीव धजेना.

मटरू रिकाम्या चुलीपाशी जाऊन बसला, राख हुंगून शिंकला आणि त्यांच्याकडे पाहू लागला. शेवंताबाईंनी तोंड फिरवलं. "पाहू नको माह्याकडं," त्या म्हणाल्या. "माह्यापाशी काही नाही."

शुक्रवारी उजाडताना रिक्षा आली. पदराखाली मटरूला धरून, कोणाकडे मान वर न करता, त्या बसून गेल्या.

दवाखान्यात मटरूला आत नेलं आणि शेवंताबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. लताच्या बाळंतपणात, मेसच्या मुलांच्या आजारपणात, इस्पितळाच्या व्हरांड्यांत त्यांनी आयुष्याचे कितीतरी दिवस घालवले होते, पण तेव्हा हातात डबा असे. हे कोणाला देऊ, ते कोणाला वाढू, या नादात वेळ निघून जाई. आज मांडीवर दोन रिकामे हात होते आणि त्यांचं काय करावं ते उमगत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात त्रिसरण म्हणायला घेतलं. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणता म्हणता आतून काही पडल्याचा आवाज झाला, आणि पुढची ओळ कुठे गेली ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीनदा केली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला जबलपूरजवळच्या पाटणचा एक म्हातारा शेळी घेऊन बसला होता. त्याने फडकं सोडलं. आत जाड रोट्या आणि मिरचीचा ठेचा होता. अर्धी रोटी तोडून त्याने पुढे केली. "खा लो बाई. बैठे-बैठे मुँह सूख गया है तुम्हारा."

शेवंताबाई त्या रोटीकडे पाहतच राहिल्या. गेल्या वीस वर्षांत आपल्याला कोणी असं काही पुढे केलं होतं का, हे त्यांना आठवेना. "नको दादा," त्या म्हणाल्या. "आत तो उपाशी हाये." म्हाताऱ्याला मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण त्याने आग्रह केला नाही. रोटी परत फडक्यात बांधली आणि तोही न जेवता बसून राहिला.

दीड तासाने डॉक्टर विनता बाहेर आली.

"झालं, अम्मा. ठीक है." विनता बाकावर त्यांच्या शेजारीच बसली. "आतड्याचा एक पदर कडेला चिकटायला लागला होता. मोकळा केला. आणखी आठवडा गेला असता तर मला नाही वाटत… जाऊ दे. पोट अगदी रिकामं होतं, म्हणून निर्धास्त करता आलं. या वेळी कसं जमवलं?"

"चूल पेटवलीच नाही," शेवंताबाई म्हणाल्या.

विनता हसली, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. "तुम्ही जेवला होता काय?"

शेवंताबाईंनी विषय मटरूवर आणला. "त्याले कधी द्यायचं ते सांग, बाई. कागदावर लिहून दे."

विनताने लिहून दिलं. पाच वाजेपर्यंत फक्त चमच्याने पाणी, त्यानंतर भाताची पातळ पेज, तीही चार चमचे. टाके चाटू द्यायचे नाहीत. दहा दिवसांनी दाखवायला आणायचं.

इकडे गल्लीत काल संध्याकाळपासून एकच विषय चालला होता. शेवंताबाईंच्या अंगणातून धूर निघाला नव्हता. मयताच्या घरात चूल पेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तिथे शेजाऱ्यांनी पिठलं-भात करून न्यायचा असतो. प्रश्न एवढाच होता, की गेलं कोण? लताची सासू, असं भैयालालचं म्हणणं. मीराबाईंच्या मते भंडाऱ्याचा भाऊ. मेसची मुलं सकाळपासून ओट्यावर गंभीर तोंडं करून बसली होती. भैयालालने दुकानाचं एक फळकूट लावून घेतलं होतं. मीराबाईंनी शेरभर तांदूळ शिजवला आणि पिठल्याचं पातेलं पदराने धरून त्या फाटकाशी उभ्या होत्या.

साडेअकराला रिक्षा थांबली. शेवंताबाई उतरल्या. त्यांच्या कडेवर जुन्या चादरीत गुंडाळलेला मटरू होता. जीभ थोडी बाहेर, डोळे अर्धे मिटलेले, पोटाला पांढरी पट्टी.

"कोण गेलं, अम्मा?" भैयालालने हलक्या आवाजात विचारलं.

"कोणी नाही गेलं. याचं ऑपरेशन होतं."

सगळ्यांनी मटरूच्या पट्टीकडे पाहिलं. मग एक मुलगा हसला, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं, आणि भैयालाल डोक्याला हात लावून म्हणाला, "हद है! हम यहाँ दुकान बंद किए बैठे हैं!"

मीराबाईंना मात्र हसू आलं नाही. सकाळपासूनचं त्यांचं दुःख, चुलीपुढचा घाम, सगळं एकदम वाया गेलं होतं. "कुत्र्यासाठी?" त्या म्हणाल्या. "सुखरामदादा गेले तवा दुसऱ्या दिवशी तुह्या घरी चूल पेटली होती. लोकं काय-काय बोलले, तरी मी तुह्या बाजूनं भांडली. अन् आज या कुत्र्यासाठी चूल बंद? खरं सांग शेवंता, नवऱ्यापरीस हा जास्त झाला काय तुले?"

शेवंताबाईंनी मटरूला सावकाश ओट्यावर ठेवलं, त्याचं तोंड टाक्यांपासून वळवलं, आणि पायरीवर बसून मीराबाईंच्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं.

"ते तं गेलेच होते, मीरा. याले जाऊ द्यायचं नव्हतं. आता वाढ ते पिठलं. कालपासून जेवली नाही मी."