एक माल, एक जागा

बस डेपोच्या स्टोअरमध्ये उभी हयात काढलेल्या बाईला घरी बसवलं, की ती घराचंच स्टोअर करून टाकते. या बाईंनी तेच केलं होतं. गल्लीत सगळे त्यांना स्टोअरबाई म्हणत, तोंडावरही आणि पाठीमागेही, आणि त्याचा त्यांना राग नव्हता. राग यायचा तो त्यांच्या कपाटातली वस्तू कुणी हलवली तर. मग घर डोक्यावर घेत.

तसं घरात हलवणारं होतं तरी कोण? त्या आणि त्यांची नणंद, धाकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो गेल्यावर लोकांना वाटलं होतं, आता या दोघींचं काही जमायचं नाही, पण दोघी एकमेकींना अशा धरून राहिल्या की सख्ख्या बहिणींनी लाजावं. धाकटी घरी शिवणकाम करायची, पडदे आणि उशांचे अभ्रे, आणि शिवता शिवता वहिनीची टिंगल. दुकानातून आलेली नवी वस्तू मागे, जुनी पुढे, हा डेपोचा नियम स्टोअरबाईंनी घरीही लावलेला. त्यामुळे धाकटी म्हणायची, आमच्याकडे बिस्किटं वयात आल्याशिवाय ताटलीत येत नाहीत.

दुसरा नियम याहून कडक होता. एक माल, एक जागा. ब्रेकचे पॅड दोन कपाटांत ठेवले की गाडी खोळंबते आणि मेकॅनिक बोंबलत फिरतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून मेणबत्त्या म्हटल्या की सगळ्या एका खणात, सेल सगळे एका डब्यात. काळोखात हात घातला तरी हवं ते हाताला लागलं पाहिजे. ही काळजी काही हौसेची नव्हती. धाकटीला लहानपणापासून साखरेचा आजार होता, रोज इन्सुलिन टोचल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. ते औषध थांबलं तर ती जगणार नाही, इतकं साधं होतं ते. बाकीचं सगळं, तांदूळ, पीठ, रॉकेल, पाण्याचे ड्रम, हे त्या औषधाभोवती रचलेलं होतं.

नदीला पूर येणार, वीज जाणार असं सांगत नगरपालिकेची गाडी फिरली तेव्हा गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. स्टोअरबाई मात्र खुशीत होत्या म्हटलं तरी चालेल. लोक दुकानापुढे एकमेकांच्या अंगावर चढत होते आणि या आपल्या घरात ड्रम भरत होत्या. शेजारच्या मास्तरांनी सहज म्हणून विचारलं, तुमच्याकडे जास्तीच्या काडेपेट्या आहेत का. बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. आहे म्हटलं की उद्या दाराशी रांग लागेल, असं त्यांनी धाकटीला आत येऊन सांगितलं. धाकटीला ते आवडलं नाही. तिने एक काडेपेटी उचलली आणि मास्तरांना देऊन आली, आणि त्यावरून दोघींचं वाजलं.

फ्रिज बंद पडणार हे धरूनच बाई चालल्या होत्या. कोपऱ्यावरचा आइस्क्रीमवाला दुकान आवरत होता, त्याच्याकडून त्यांनी जाड भिंतींचा डबा आणि लादीचा बर्फ आणला. बर्फ फोडून डब्यात भरला आणि वर मुठी मुठी मीठ टाकलं. आइस्क्रीमवाला तसंच करतो, मिठाने गारवा वाढतो, हे त्यांनी इतकी वर्षं बघितलेलं. मग फडक्यात गुंडाळून इन्सुलिनच्या सगळ्या बाटल्या त्या बर्फावर नीट मांडल्या.

धाकटी म्हणाली, एखादी बाटली बाहेर राहू दे, ओल्या कापडात, माठाशेजारी. बाईंनी नकारार्थी मान हलवली. एक माल, एक जागा. वापरातली बाटली तेवढी टेबलावर राहिली, तिच्यात तळाशी थोडंसं होतं.

त्याच दिवशी वीज गेली. आणि नदीवरचा पूल खचला. हॉस्पिटल पलीकडे, डॉक्टर पलीकडे, माल घेऊन येणाऱ्या गाड्या पलीकडे. पाण्याला एवढी ओढ होती की होडी घालायला कुणी तयार होईना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा उघडून बघितला. फडकं ताठ झालं होतं. बर्फाचं बरंचसं पाणी झालं होतं, पण बाटल्या थंडगार, आतलं औषध स्वच्छ. बाई जाम खूश झाल्या. डेपोत असते तर साहेबांनी पाठ थोपटली असती, असं त्या धाकटीला म्हणाल्यासुद्धा.

टेबलावरची बाटली संपली, डब्यातली नवी उघडली आणि तिथून घरातली हवाच फिरली. धाकटीला सारखी तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, आणि पुन्हा ओठ कोरडे. बोटाला टोचून मशीनवर बघितलं तर साखर चढलेली. बाईंनी दोष दिला मशीनच्या पट्ट्यांना, त्या जुन्याच आधी वापरायच्या ना. मग दुसरं पाकीट फोडलं. साखर आणखी वर. त्यांनी डोस वाढवला. आकडा जागचा हलेना.

मग बाईंचं डोकं फिरलं. माणूस घाबरलं की कुणावर तरी जाळ काढतं, तसं झालं. त्यांनी साखरेचा डबा काढून झाकण उघडून बघितलं आणि धाकटीपुढे आदळला.

"खरं सांग. खाल्लीस ना तू चोरून?"

धाकटी शिवणयंत्रावर पडदा लावून बसली होती, पण पाय मारायची ताकद नव्हती तिच्यात. तिने वहिनीकडे बघितलं.  डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पडद्याच्या कापडाला पुसलं. नंतर भिंत धरत आत गेली आणि तिला उलटी झाली.

श्वास जोरजोरात चालला होता. तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. तो वास बाईंना माहीत होता. धाकटी शाळेत असताना एकदा असाच आला होता, आणि तेव्हा सगळ्यांनी तिची आशा सोडली होती.  त्यांनी डब्यातली एक बाटली मुठीत घेतली आणि चपला न घालताच औषधवाल्याकडे धावल्या.

औषधवाल्याचं दुकान उघडं होतं, पण फळ्या रिकाम्या होत्या. त्याने बाटली उजेडात धरली, हलवली, मग विचारलं की ठेवली कशी होती. बाईंनी सगळं सांगितलं, बर्फ, मीठ, फडकं. सांगता सांगताच त्याचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला.

"बाई, मिठाच्या बर्फात आइस्क्रीम गोठतं. हे गोठणार नाही का? एकदा गोठलं की वितळल्यावर दिसतं तसंच, पण त्याच्यात जीव राहत नाही. तुम्ही तिला नुसतं पाणी टोचताय."

"सगळ्याच गेल्या असतील?"

"सगळ्या एकत्रच होत्या ना?"

बाईंनी त्याच्या हातातून बाटली परत घेतली. तो म्हणाला, संध्याकाळच्या आत औषध पोटात, म्हणजे अंगात, गेलं पाहिजे, तोवर घोट घोट पाणी पाजा. माझ्याकडे एक थेंब नाही. या भागात ते घेणारे आणखी दोघेच होते. एक बाई मुलाकडे राहायला गेली, पुलापलीकडे. आणि दुसरा तुमच्या वरच्या मजल्यावरचा घड्याळवाला, तो तर गेला बिचारा.

घड्याळवाला पुराच्या थोडे दिवस आधी गेला होता. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या, हृदय बंद पडून.  बाईंनी विचारलं, उघडलेली बाटली फ्रिजबाहेर किती टिकते.

औषधवाल्याला कळलं त्या कुणाचा विचार करतायत. त्याने नजर खाली घातली. सावलीत असेल तर महिनाभर, म्हणाला. त्यांचं आणि तुमचं औषध एकाच जातीचं आहे. डोस कागदावर लिहून देतो.

तिथून बाई घरी आल्या, धाकटीला पाणी पाजलं, मास्तरांच्या बायकोला तिच्याजवळ बसवलं आणि दारोदार फिरायला लागल्या. घड्याळवाल्याचं दार सोडून. जिच्या घरातला माणूस जाऊन महिना झाला नाही, तिच्याकडे जाऊन मेलेल्या माणसाचं औषध मागायचं? कुठल्या तोंडाने? त्या समाचाराला गेल्या होत्या तेव्हा उंबऱ्यातच उभ्या राहून परत आल्या होत्या, घरी ड्रम भरायचे होते म्हणून.

दारं उघडत होती आणि लोक आधी हसतच होते. तुम्हाला काय कमी आहे, स्टोअरबाई? तुमच्याकडे तर सगळं असतं म्हणतात. एकाने तर विचारलं, घ्यायला आलात की विकायला. मग त्यांचे अनवाणी पाय बघून लोक गप्प व्हायचे, आत जाऊन डबे, खण, पिशव्या शोधायचे. कुणाकडे तापाच्या गोळ्या होत्या, कुणाकडे मलम. एका म्हातारबाबांनी आपल्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या दिल्या, पण त्या गोळ्यांनी धाकटीचं काही होण्यासारखं नव्हतं. आयुष्यात कधी कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि आज पसरला तर हातावर ठेवायला कुणाकडे काही नव्हतं. बाई जिन्यात आल्या. खालून मास्तरांच्या बायकोने हाक मारली, लवकर या, ती हाकेला ओ देत नाहीये.

बाई खाली गेल्या नाहीत. वर गेल्या.

घड्याळवाल्याच्या बायकोने दार उघडलं. वयाने बाईंपेक्षा बरीच लहान, केस विंचरलेले नव्हते. आत भिंतीवर गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच टांगलेली, काही चालू, काही बंद. बाईंनी वाटेत काय बोलायचं ते जुळवलं होतं, ते सगळं विसरल्या. माझी धाकटी जातेय हो, एवढंच तोंडातून आलं. मग रडत रडत सगळं बोलून टाकलं, मीठ घातलं तेसुद्धा, आणि साखर चोरलीस म्हटलं तेसुद्धा.

 सगळं ऐकून घड्याळवाल्याची बायको आत गेली. ती लवकर बाहेर येईना, तेव्हा बाईंना वाटलं, झालं, दुखावलं आपण हिला. पण ती आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती. ताटलीत कापूस, सुई आणि अर्धी भरलेली बाटली, वर झाकायला रुमाल.

"रोज सकाळी मांडून ठेवते," ती म्हणाली. "हात ऐकत नाही, ताई. मांडून झाल्यावर आठवतं."

बाईंनी ताटली घ्यायला हात पुढे केला. ती तिने दिली नाही.

"राहू द्या, ताई. सुई मी देते. मला सवय आहे."

दोघी खाली आल्या. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती, श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता. घड्याळवाल्याच्या बायकोने कागद वाचला, बाटली उजेडात धरून औषध ओढलं, नखाने टिचकी मारून बुडबुडा काढला. धाकटीची बाही वर केली. बाईंना ते बघवेना आणि नजरही हटवता येईना. सुई गेली, आली, कापूस दाबला. तेवढा वेळ घड्याळवाल्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कापूस दाबून धरताना मात्र तिने धाकटीच्या दंडावरून हात फिरवला आणि तो तिथेच राहिला.

मग नुसतं बसणं. पाणी पाजायचं, टोचून बघायचं, पुन्हा औषध, पुन्हा बसायचं. आकडा आधी अडून राहिला, मग थोडा उतरला, मग आणखी. उजेड मावळायच्या सुमाराला धाकटीने डोळे उघडले, खोलीत तिसरं कुणीतरी आहे हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने वहिनीला खुणेने जवळ बोलावलं.

"साखर मी खाल्ली नव्हती."

"नाही खाल्लीस," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं. माझ्या हाताने मारत होते मी तुला."

धाकटीने डोळे मिटले. हात तेवढा वहिनीच्या हातावर ठेवला.

घड्याळवाल्याची बायको उठली तेव्हा बाटलीत पाणी ओसरून होडी चालू होईपर्यंत पुरेल न पुरेल एवढं औषध उरलं होतं. बाईंनी जागेवरून उठून कपाटातला खण मोकळा केला. ओलं फडकं अंथरलं. इथे ठेवू या, सावली आहे, म्हणाल्या. घड्याळवाल्याची बायको बाटली रुमालात गुंडाळत होती, ती थांबली.

"बाटली माझ्याकडेच राहू दे, ताई. त्यांचं एवढंच राहिलंय घरात, जे रोज हातात घ्यावं लागतं. मी रोज सकाळी येईन. येईन मी."

बाईंच्या जिभेवर हजार गोष्टी आल्या. तुम्हाला झोप लागली तर, तुम्ही पडलात झडलात तर, दार आतून अडकलं तर. जिच्याकडे वाळूच्या कणाचासुद्धा हिशोब असायचा, तिच्या नणंदेचा जीव वरच्या मजल्यावर, परक्या घरात, एका रुमालात राहणार होता. त्यांनी ते सगळं गिळलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधीच बाईंनी दाराची कडी काढली आणि स्टूल ओढून उंबऱ्याशी बसल्या. आत धाकटी पुन्हा पाणी मागायला लागली होती. माणसं जिन्यावरून खाली गेली, बादल्या घेऊन वर आली. प्रत्येक चाहुलीला बाई अर्ध्या उठत आणि पुन्हा बसत. वर जाऊन दार ठोठावावं असं कितीदा वाटलं, पण येईन म्हणाली होती ती. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. उन्हं गॅलरीत आली. मग वरच्या मजल्यावर कडी वाजली आणि चपलांचा आवाज सावकाश खाली यायला लागला.