कालच्या पाण्याने धुतलेली बाईक

आमच्या इमारतीत पाणी सकाळी पावणेसहाला येते. कपात नसेल तेव्हा ते सव्वासातपर्यंत टिकते. कपात असेल तेव्हा साडेसहालाच नळ दोनदा खोकतो आणि गप्प होतो. पाणी आले की घरातले पहिले काम भरण्याचे असेल, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. पहिले काम ओतण्याचे. आदल्या दिवशीचे जे पाणी हंड्यात आणि कळशीत उरले असेल ते शिळे ठरते, मोरीत जाते, आणि मग भांडी घासून ताजे भरायचे. माझ्या आईने हे केले, सासूबाईंनी केले, आणि तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवूनही मी केले. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी एका रात्रीत बिघडत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझाच हात कळशी उपडी करत असे. ज्ञान आणि सवय एका घरात राहतात, पण त्यांचे बोलणे होतेच असे नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात कपात सुरू झाली आणि जिन्याच्या तोंडाशी सोसायटीने सूचना लावली: पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास सक्त मनाई. मी ती वाचली आणि पुढे गेले. आमचे एकच वाहन होते आणि ते धुण्याचा प्रश्न दहा महिन्यांत निघाला नव्हता.

ती माझ्या पतींची बाईक. ते मरोळच्या एका कारखान्यात फिटर होते. रोज सकाळी भांडुपच्या आमच्या गल्लीतून मला शाळेच्या फाटकाशी सोडायचे आणि मग साकीनाक्याच्या गर्दीतून कारखान्यात जायचे. फाटकात मुली ओरडत, "बाई आल्या, बाई आल्या!" ते ऐकून ऐकून त्यांनीही मला बाई म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव निवृत्तीनंतरही राहिले.

गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. बोलणे लवकर सुधारले. डावा पाय ओढत का होईना, चालू लागला. डाव्या हाताची बोटे मात्र पूर्ण मिटेनात. व्यायामासाठी एक रबरी चेंडू दिलेला होता. तो ते दिवसातून तीन वेळा दाबत, म्हणजे दाबायचा प्रयत्न करत. बाईकचा क्लच डाव्या हाताने दाबायचा असतो. यावर आमच्यात कधी बोलणे झाले नाही. गॅलरीतून खाली पाहिले की मागच्या गल्लीत भिंतीलगत उभी असलेली बाईक नेमकी दिसते. त्यांनी एक दिवस आपली खुर्ची फिरवून टेकडीच्या बाजूला तोंड करून घेतली. मी विचारले, तर म्हणाले, "तिकडून वारा येतो." वारा तिकडून येत नाही. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. इस्पितळात जाण्याखेरीज ते जिनाही उतरले नाहीत.

एका शुक्रवारी भाजी घेऊन येताना मी नेहमीचे फाटक सोडून मागच्या बाजूने आले आणि बाईकच्या दिव्यावर चिकटवलेला महापालिकेचा नारिंगी कागद पाहिला. सदर वाहन बेवारस असल्याचे दिसून येत आहे. ते सात दिवसांच्या आत हलवावे, अन्यथा उचलून नेण्यात येईल. कागद लावल्याची तारीख पेनाने घातली होती. चार दिवस निघून गेले होते. सोमवारी मुदत संपणार होती.

कागद लावणाऱ्याची मी चूक मानत नाही. बाईककडे त्याच्या डोळ्यांनी पाहिले तर दुसरा निष्कर्ष निघत नव्हता. टाकीवर धुळीचा जाड थर, सीटवर कबुतरांची विष्ठा, आरशावर कोळ्याचे जाळे, चाकांत वाळलेली पाने. परंतु 'बेवारस' हा शब्द तिसऱ्या मजल्यावर, आमच्या घरात पोहोचता कामा नये, एवढे मी तिथल्या तिथे ठरवले. ती बाईक उचलून नेली असती, तर ते काही बोलले नसते. त्यांनी खुर्ची आणखी थोडी फिरवली असती, बस्स. मला त्याचीच भीती होती.

मी कागद सोलून पिशवीत टाकला आणि रुमालाने टाकीवरची धूळ झटकू लागले. ही माझी पहिली चूक, आणि ती विज्ञानाच्या शिक्षिकेला न शोभणारी. रस्त्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळू. ती रंगापेक्षा कठीण असते. कोरड्या कापडाने ती पुसणे म्हणजे टाकीवर पॉलिश पेपर फिरवणे. हात उचलला तेव्हा काळ्या रंगावर एक पांढरा ओरखडा उमटला होता, खाली येऊन वर गेलेला. अठरा वर्षांत त्या टाकीवर त्यांनी एकही ओरखडा पडू दिला नव्हता.

म्हणजे पाणी हवेच. आणि पाणी वापरायला मनाई.

शनिवारी सकाळी नळ आला. सवयीने मी कालची कळशी मोरीकडे नेली, उपडी करायला तिरकी केली, आणि तशीच थांबले. हे पाणी तर जाणारच होते. पाच मिनिटांनी ते गटारात असते. मी कळशी सरळ केली, बादलीत ओतली, त्यांच्या चार जुन्या बनियन घेतल्या, दात घासायचा एक जुना ब्रश घेतला आणि ते झोपले आहेत याची खात्री करून खाली उतरले.

कमी पाण्यात बाईक कशी धुवावी हे मला कोणी शिकवले नव्हते. मी ते करता करता शोधले, म्हणून सांगते. पाणी ओतायचे नाही. बनियन भिजवून, हलकी पिळून, धुळीवर नुसती पसरून ठेवायची, तापलेल्या मुलाच्या कपाळावर पट्टी ठेवतो तशी. धूळ भिजली की कापड न घासता उचलायचे. काम वरून खाली आणायचे, म्हणजे खालचा चिखल वर चढत नाही. टाकीचे कापड चाकाला लावायचे नाही. साबणाचा मोह टाळायचा, कारण साबण काढायला दुप्पट पाणी लागते. पहिल्या दिवशी एका कळशीत टाकी, सीट आणि आरसे झाले. कबुतरांनी मात्र माझा बराच वेळ घेतला.

शेवटी बादली उचलत होते, तोच सोसायटीचे सेक्रेटरी दूध घेऊन आले.

"मॅडम, नोटीस वाचली ना? तुम्हीच असं केलं तर मग आम्ही दुसऱ्यांना काय सांगणार?"

"वाचली. पिण्याच्या पाण्याने धुवायचे नाही, असे लिहिले आहे. हे शिळे पाणी आहे. आता मोरीत जाणार होते."

त्यांनी बादलीत डोकावून पाहिले, जणू पाण्यावर तारीख लिहिलेली असावी. "ते ठीक आहे हो, पण लोक बोलतात ना यार... म्हणजे, मॅडम."

वरून आवाज आला. आमच्या शेजारच्या मालवणी काकी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. "बोलणाऱ्यांका माझ्याकडे धाडा! आणि काय गो, माका सांगूचा नाय? एक कळशी मी रोज मोरीत ओततंय!"

"हळू, काकी," मी वर पाहून ओठांवर बोट ठेवले. "घरात झोपलेत."

सेक्रेटरी हसले. मी त्यांना कमरेला खोचून आणलेला नारिंगी कागद दाखवला. तो वाचून झाल्यावर त्यांचा सूर बदलला. "आत पंपाच्या खोलीपाशी एक कोपरा आहे. तिथे लावा. पण उद्यापर्यंत लावा, आणि धुऊन लावा. धूळ खात पडलेली गाडी आत घेतली तर कमिटी माझी वाट लावेल."

रविवारी माझ्याकडे दोन कळश्या होत्या, एक आमची, एक काकींची. काकींनी ती दाराबाहेर ठेवली होती, वर ताटली झाकून, जणू त्यातले पाणी अजून कोणी पिणार होते. इंजिनाच्या पट्ट्यांमधली माती ब्रशने काढली, चाकांच्या तारा एकेक करून पुसल्या. तारा मोजाव्यात असे मनात आले, पण वेळ नव्हता. साडेसातला बाईक झाली. उन्हात टाकी चमकत होती आणि तिच्यावर माझा ओरखडाही.

आता फक्त ती हलवायची. गल्लीला उतार आहे आणि मागचे फाटक उताराच्याच दिशेला, अंतर वीस पावलांचे. मी स्टँड काढला, दोन्ही हातांनी हँडल धरले आणि ढकलले. बाईक हलली नाही. पुन्हा ढकलले. मागचे चाक जागीच घट्ट. मला वाटले, दहा महिन्यांत आतले काहीतरी गंजून धरले. धुतलेली, चमकणारी आणि एक इंचही न सरकणारी ती बाईक धरून मी उभी राहिले, आणि खरे सांगायचे तर माझे डोळे भरून आले. उद्या माणसे येणार, आणि ती स्वच्छ बाईकही उचलून नेणार.

"गियरमध्ये आहे ती, बाई."

मी वर पाहिले. ते गॅलरीत उभे होते. टेकडीकडे पाठ करून.

"उतारावर गाडी नेहमी पहिल्या गियरमध्ये लावायची. अठरा वर्षं मागे बसलीस, एवढं पण बघितलं नाहीस?"

"मी मागे बसून वह्या तपासत असे," मी म्हणाले. ते अर्धे खरे होते. "न्यूट्रल कसे करायचे ते सांगा. मी करते."

"क्लच दाबावा लागतो. थांब."

"अहो, सांगा ना नुसते. क्लच मी दाबेन."

गॅलरी रिकामी झाली होती.

तीन मजल्यांचे जिने उतरायला त्यांना किती वेळ लागला ते मी पाहिले नाही. मी वर धावत गेले नाही, एवढेच सांगते. ते मला फार जड गेले. काठीचा आवाज, मग पायाचा, मग पुन्हा काठीचा, असा एकेक मजला खाली येत गेला. काकी त्यांच्या मागून उतरत होत्या, चार पायऱ्यांचे अंतर राखून, आणि आपण सोबतीला उतरतो आहोत हे त्यांना कळू नये म्हणून मोठ्याने टमाट्यांच्या भावाबद्दल बोलत होत्या.

ते बाईकजवळ आले. आधी त्यांनी आरसा उजव्या हाताने आपल्या उंचीला जुळवला. मग टाकीवरून हात फिरवला आणि ओरखड्यावर बोट थांबले.

"हे?"

"माझे आहे. कोरडे पुसले."

त्यांनी मान तिरकी करून तो न्याहाळला. "बरोबरची खूण केलीस की गं. दहापैकी किती दिलेस?"

काकी हसल्या. मला हसू आले नाही, मी म्हणाले, "तुम्हाला कसे कळले मी खाली येते ते?"

"काल मोरीत पाणी पडल्याचा आवाज नाही. बाई शिळं पाणी ओतत नाही म्हणजे जगात काहीतरी घडलंय. मग उठून बघितलं."

म्हणजे शनिवारीच. म्हणजे त्यांनी सेक्रेटरींचे, काकींचे, कदाचित त्या कागदाबद्दलचेही बोलणे ऐकले होते.

ते बाईकच्या डाव्या बाजूला उभे राहिले. उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी तो मुठीवर ठेवला आणि बोटे एकेक करून क्लचवर आणली. मी खाली वाकून गियरची पट्टी धरली.

"मी दाबलं म्हणालो की पट्टी अर्धी वर. पूर्ण नाही, अर्धी."

मला त्यांची बोटे दिसत होती. आधी ती पांढरी झाली. मग क्लचची दांडी जरा आत आली, थांबली, आणखी थोडी आली. मुठीला ती टेकली नाही. निम्म्यावर राहिली आणि थरथरू लागली.

"दाबलं."

मी पट्टी उचलली. काही झाले नाही. "गाडी जरा पुढे-मागे हलव," ते दातओठ खात म्हणाले. मी हलवली. आत कुठेतरी टक् असा बारीक आवाज झाला आणि बाईक माझ्या हातात एकदम हलकी झाली.

फाटकापर्यंतची वीस पावले आम्ही तिघांनी मिळून बाईक नेली. ते डाव्या बाजूला हँडल धरून, मी उजव्या बाजूला ब्रेकवर बोटे ठेवून, काकी मागून सीट धरून. चाकांत हवा नव्हती, त्यामुळे ती बैलगाडीच्या चालीने चालली. पंपाच्या खोलीपाशी लावल्यावर त्यांनी सवयीने मागे वळून पाहिले, उतार आहे का ते. तिथे जमीन सपाट आहे.

सोमवारी कोणी आले की नाही, मला माहीत नाही. भिंतीलगतची जागा रिकामी होती.

आठवड्याने चाके आणि बॅटरी पाहायला गॅरेजवाला आला. कामाचा माणूस होता, बोलका. बोलता बोलता म्हणाला, "बंद गाडीचा गियर काढायला क्लच लागतच नाही, मॅडम. गाडी जरा हलवली, पट्टी उचलली, की झालं."

मी जिन्याकडे पाहिले. ते पहिल्या मजल्याच्या वळणावर काठी टेकून विश्रांती घेत होते. हल्ली रोज सकाळी खाली येतात. चाळीस वर्षे यंत्रे खोलून जोडणाऱ्या फिटरला ही गोष्ट माहीत नसणे शक्य नव्हते.

मी त्यांना काही विचारले नाही. वर जाऊन कालच्या पाण्याची कळशी आणली, बनियन भिजवली आणि क्लचच्या दांडीवर त्यांच्या बोटांचे जे ठसे उमटले होते, ते सोडून बाकीची बाईक पुसून काढली.