बर्फातल्या जिन्यावरची मंगलताई

मंगलताई गेली तेव्हा ती अठ्ठ्याण्णवाव्या लेव्हलला होती. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्याबद्दल बरंच बोललं गेलं. वाशीमकडच्या गावातून एकटीने मुंबईला येणं, टेलिफोन खात्यातली नोकरी, नवरा लवकर गेल्यावर मुलीला एकटीने वाढवणं... सगळं खरं होतं आणि बोलणाऱ्यांनी चांगलं सांगितलं. लेव्हलबद्दल मात्र कोणी बोललं नाही, कारण त्या हॉलमध्ये ती गोष्ट मला आणि तिची मुलगी प्रज्ञा हिलाच माहीत होती. प्रज्ञा बोलण्याच्या अवस्थेत नव्हती आणि मला माइकसमोर बोलता येत नाही. म्हणून आता लिहिते आहे.

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गाळ्यावर होते. मुलुंडला माझा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. मशीन चालू असल्यामुळे तिचं बोलणं पहिल्यांदा कळलंच नाही. मशीन बंद करायला लावलं आणि पुन्हा फोन केला. “मावशी, आई गेली. जेवून पडली होती, उठलीच नाही,” ती म्हणाली. बातमी अनपेक्षित नव्हती. आजार स्वादुपिंडाचा होता आणि डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. मी घड्याळाकडे बघितलं. दुपारचे साडेतीन वाजत होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ही तर तिची जिन्यावर जायची वेळ.

हा जिना काय, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. लॉकडाऊनमध्ये गाळा बंद, मी घरात, आणि माझी कटकट थांबावी म्हणून मुलाने मला एक ऑनलाइन खेळ शिकवला. एक मोठं जग असतं, त्यात देशोदेशीची हजारो माणसं एकाच वेळी खेळत असतात. प्रत्येकाचं एक पात्र. राक्षस मारायचे, कामगिऱ्या पार पाडायच्या, की पडद्याच्या तळाशी असलेला एक निळा पट्टा भरत जातो. पट्टा भरला की तुमची लेव्हल एकाने वाढते. मुलगा पुढे नोकरीसाठी बंगळुरूला गेला, खेळ माझ्याकडे राहिला. मंगलताई आमच्याच इमारतीत, दोन मजले वर. एकदा ती पाण्याच्या टाकीबद्दल भांडायला आली (मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते) आणि भांडता भांडता माझ्या पडद्याकडे बघत राहिली. हे काय आहे असं तिने विचारलं नाही. तिचा प्रश्न होता, “यातल्या माणसांशी बोलता येतं का?” येतं म्हटल्यावर ती बसली, आणि टाकीचा विषय त्या दिवशी राहिला.

प्रज्ञाचा जुना टॅब तिने ताब्यात घेतला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोह्यांच्या डब्याला तो टेकवून ठेवायची आणि पुढ्यात उंच स्टूल घेऊन बसायची. पात्राचं नाव तिने ठेवलं ‘ट्रंककॉल’. तरुण वाचकांसाठी सांगते, एके काळी दुसऱ्या गावाला फोन करायचा तर तो आधी नोंदवावा लागायचा आणि एक्स्चेंजमधली ऑपरेटर तो जोडून द्यायची. मंगलताई उमेदीची कितीतरी वर्षं ती ऑपरेटर होती. मी तलवारवाली झाले. तिने हीलर, म्हणजे जखमी लोकांना बरं करणारी, व्हायचं ठरवलं. मारामारी आपल्याला जमत नाही, असं तिचं म्हणणं. सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर असणाऱ्या कोणाचाही यावर विश्वास बसला नसता.

या खेळात नव्वदाव्या लेव्हलपर्यंत सगळं झकास असतं. खेळ तुमच्या पाठीवर थाप मारत राहतो, दर थोड्या वेळाने लेव्हल वाढते, आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. नव्वदनंतर तोच खेळ तुम्हाला ओळख दाखवत नाही. एका लेव्हलला पूर्वीच्या दहा लेव्हलइतका वेळ लागतो. अख्खी दुपार राक्षस मारा, निळा पट्टा केसभर हलतो. वर मेलात तर पट्टा मागे येतो, आठवड्याची मेहनत एका चुकीच्या पावलात जाते. शंभर ही शेवटची लेव्हल, आणि ती गाठली तरच एका बर्फाच्या डोंगराच्या शिखरावर जाता येतं. तिथून त्या जगाचा सगळा पसारा एका नजरेत दिसतो म्हणतात. आम्ही दोघींनी ठरवलं होतं, जायचं तर बरोबर जायचं.

मला त्या पट्ट्याचा मनापासून संताप यायचा. मी गुरुवारी माल देते म्हटलं की गुरुवारी देते. एवढं काम करून हातात काही दिसत नाही, हा प्रकार मला सहन होत नाही. मी कंपनीला चांगलं खरमरीत पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, प्रवासाचा आनंद घ्या. हे उत्तर मी माझ्या गिऱ्हाइकाला दिलं असतं तर गाळ्याला कधीच टाळं लागलं असतं. मी तणतणत मंगलताईला ते वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. “काऊन एवढी चिडतेस? पट्टा काय पळून चालला का,” एवढंच म्हणाली आणि पुढची जुडी घेतली.

चिडत चिडत मी शंभरला पोचले. मंगलताई तेव्हा अठ्ठ्याण्णवला होती. मी म्हटलं, थांबते. पुढच्या महिन्यात बघितलं तर ती सत्त्याण्णववर. मला वाटलं, हिला खेळता येत नाही, मरते आहे सारखी. म्हणून एका दुपारी, तिला न सांगता, मी माझं पात्र तिच्या मागोमाग नेलं.

शिखराच्या खाली एक दगडी जिना आहे. लांबच लांब, एका बाजूला दरी, वरून बर्फ आणि मध्ये मध्ये दबा धरून बसलेली जनावरं. नव्वदच्या पुढचे सगळे तिथे येतात, कारण पट्टा भरायला त्यातल्या त्यात बरी जागा तीच. आणि तिथे बहुतेक सगळे मरतात. मेलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात. लगेच खालच्या गावात उठायचं आणि पट्ट्याचा मोठा तुकडा गमवायचा, नाहीतर तिथेच काही मिनिटं पडून राहायचं. तेवढ्यात एखादा हीलर आला आणि त्याने उठवलं तर तुमचं काहीच जात नाही. जातं ते हीलरचं. त्याचा पट्टा थोडा मागे येतो, आणि पुरेसा मागे आला की लेव्हलही उतरते. म्हणून नव्वदच्या पुढचे हीलर मेलेल्यांकडे बघतसुद्धा नाहीत. मला त्यात काही चूक वाटत नव्हती. कष्टाने भरलेला पट्टा कोण उगाच ओतून देईल?

त्या दिवशी जिन्यावर चार-पाच जण पडलेले होते. ट्रंककॉल एकेका पायरीने वर जात होती. पडलेल्या माणसाजवळ पोचायच्या आधीच तिचा निरोप उमटायचा, “होल्ड करो.” मग ती त्याला उठवायची आणि उठल्याबरोबर झापायची. डोळे आहेत ना, कडेने कशाला चालतोस, मागच्या वेळी इथेच मेला होतास. समोरची पोरं ‘थँक्स भाई’ लिहून पुढे पळायची. कोणालाही ठाऊक नव्हतं की हा भाई मुलुंडला ओट्यासमोर स्टुलावर बसलेला आहे आणि त्याला चार वाजता दुधाची पिशवी आणायची आहे. मी एका दगडाआड उभी राहून बघत होते. तिचा पट्टा मागे येताना मला दिसत होता आणि ती थांबत नव्हती. मी फार भारावून जाणाऱ्यांतली नाही. पण त्या दुपारी माझा चहा तसाच निवला, हे खरं आहे.

नंतर दोन मजले चढून तिच्या घरी जाऊन मी तिला जाब विचारला. अशाने तू जन्मात शंभरला पोचणार नाहीस, म्हटलं. ती म्हणाली की एक्स्चेंजमध्ये ड्यूटी संपली तरी तिच्या बोर्डवर दिवा लागलेला असेल तर ती उठायची नाही. पलीकडे कोण आहे, कशासाठी थांबलंय, ऑपरेटरला माहीत नसतं. बाळंतपणाची बातमी असेल, मयताची असेल, नाहीतर कांद्याचा भाव विचारायचा असेल. “तो लाइनवर ताटकळलाय, एवढं मला माहीत आहे ना. मग झालं,” ती म्हणाली. मी टाकीचा विषय काढला.

आजार कळल्यावर मी सरळ कामाला लागले. रडणं प्रज्ञा करत होती, तिथे माझी गरज नव्हती. मी मंगलताईला म्हटलं, आता तुझं समाजकार्य बंद. रोज दुपारी तासभर मी लढणार, तू माझ्या मागे उभी राहणार, शिखर बघितल्याशिवाय तुला मी सोडत नाही. तिने मान हलवली. केमोमुळे हात थरथरायचे, कधी कधी टॅब धरवायचा नाही, तरी ती आली. काही आठवड्यांत ती नव्याण्णवला पोचली. मग पट्टा भरत भरत शेवटापर्यंत आला. पडद्याच्या उजव्या कडेला एक बारीक फट राहिली होती. मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी मला गाळ्यावरून यायला उशीर झाला. आले तेव्हा ती स्टुलाऐवजी पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तिचा पट्टा निम्म्याच्या खाली होता. नवख्या पोरांची एक मोठी टोळी आपण फार शूर आहोत असं समजून जिन्यावर आली होती आणि सगळीच्या सगळी मेली होती. तिने सगळ्यांना उठवलं होतं. माझा चेहरा बोलला असणार. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “स्मिता, बोर्डवर सगळे दिवे लागले होते गं.” मी घरी निघून आले. दोन दिवस वर गेले नाही. तिने ते दोन दिवसही जिन्यावर काढले आणि पुन्हा अठ्ठ्याण्णवला आली.

तिसऱ्या दिवशी तिनेच बोलावलं. म्हणाली, माझं काही आता होत नाही, तू शंभरला आहेस, तू वर जा आणि मला तुझ्या पडद्यावर दाखव. बरोबर जायचं म्हणजे दोघींनी चढलंच पाहिजे असं कुठे ठरलं होतं? तेव्हा मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसले, माझा टॅब दोघींच्या मध्ये धरला आणि जिना चढायला लागले. शिखरावर एक दगडी चौथरा आहे, बाकी काही नाही. आणि खाली सगळं... आम्ही वर्षानुवर्षं ज्यात फिरलो ती जंगलं, पहिल्या लेव्हलला उंदीर मारले होते ते गाव, नद्या, समुद्र, त्यावर हलणारी उन्हं. सगळं एकदम. कोणीतरी पोरासोरांनी कुठल्या तरी ऑफिसात बसून बनवलेलं हे चित्र आहे हे मला माहीत होतं, तरी मी बघतच राहिले. मंगलताईने चष्मा पुसला, पुन्हा लावला, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. मला वाटलं, ती समुद्र बघते आहे.

“इथून जिना दिसतो का?” तिने विचारलं.

मी नजर खाली वळवली. जिना दिसत होता, दोरीएवढा. त्यावर काळे ठिपके होते, हलणारे. एक ठिपका हलत नव्हता.

“तो बघ, पडलाय कोणीतरी,” ती म्हणाली, आणि हात लांब करून तिने शेजारचा स्वतःचा टॅब ओढून घेतला. मी शिखरावर उभी राहून बघत होते. खाली एक बारीकसा पांढरा ठिपका जिन्याच्या पायथ्याशी उमटला आणि वर चढायला लागला. थरथरत्या बोटांमुळे तो मध्ये मध्ये थांबायचा. पोचला. मग दोन्ही ठिपके हलले. त्या शिखरावरून दिसणाऱ्या सगळ्या देखाव्यात मला आता तेवढंच नीट आठवतं. ही आमची शेवटची भेट. त्यानंतर चौथ्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला.

कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आणखी काही दिवसांनी मी दुपारच्या वेळी माझी तलवारवाली घेऊन जिन्यावर गेले. कशाला गेले ते सांगता येणार नाही. पायऱ्यांवर तीन जण मरून पडले होते. त्यांची मिनिटं संपत आली होती, तरी कोणी गावात उठून गेलं नव्हतं. एकाने विचारलं, ट्रंक भाई आज कुठे आहे? मी लिहिलं, ती आमच्या इमारतीत राहायची, वारली. मग मिनिटं संपली आणि तिघेही नाहीसे झाले. पट्ट्याचा मोठा तुकडा गमावून खालच्या गावात उठले असणार.

मला वाटलं, आता ही सवय मोडेल. मोडली नाही. मी मधूनमधून जाऊन बघते. साडेतीनच्या सुमाराला जिन्यावर जो मरतो तो अजूनही तिथेच पडून राहतो. एखादा नवखा वैतागून उठायला निघाला तर शेजारी मरून पडलेला त्याला सांगतो, “होल्ड करो.” कोणाची वाट बघायची, हे सांगणाऱ्यालाही बहुतेक माहीत नसतं.

माझ्या तलवारवालीला मेलेल्यांना उठवता येत नाही. म्हणून मी नवीन पात्र सुरू केलं आहे, हीलरचं, पहिल्या लेव्हलपासून. उंदरांपासून. जिन्यावर उभं राहायला निदान नव्वद लागतात आणि मी सध्या एक्केचाळीसवर आहे. नव्वदपर्यंत सगळं झकास असतं असं मीच वर लिहिलंय, पण या वेळी तसं वाटत नाही. निळा पट्टा फारच सावकाश भरतो. कंपनीला पुन्हा एक पत्र लिहिलं आहे. प्रज्ञाने आईचा टॅब आणि तो पोह्यांचा डबा मला देऊन टाकला. गाळ्यावर जेवणाच्या सुट्टीत मी टॅब डब्याला टेकवून ठेवते आणि बसते. मी घाई करते आहे.