मला न चालणारी गोळी

दुष्काळाच्या त्या वर्षी आमचे मालक पोराला घेऊन ऊस तोडायला गेले आणि मी म्हैस अन् गाय घेऊन केजजवळच्या चारा छावणीत राहायला आले. छावणी एका सहकारी संस्थेनं उघडली होती. ताडपत्रीचा आडोसा, शेजारी दोन जनावरं, पुढं चुलीपुरती जागा. चहूकडं माणसंच माणसं, पण ज्याचं त्याचं लक्ष आपल्या दावणीवर. शेजारणीशी बोलणं व्हायचं ते चाऱ्याचं, नाहीतर टँकरचं. कधी कधी माझाच आवाज मला परका वाटायचा.

एके दुपारी चाऱ्याला आलेल्या उसाच्या वाढ्याचे भारे वाहून पाठ धरली. मालकांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी माझ्या पिशवीत राहिली होती. तोडणीला जाणारी माणसं असल्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात. त्यांना चालते, मग मी काय महाराणी लागून गेले, असं म्हणत एक गिळली.

भाकरी थापायला बसले तोच तळहात खाजू लागले, मग डोकं. अंगभर गांधी उठल्या, ओठ जड झाले. शेजारच्या म्हातारीनं पाहिलं आणि पित्त उठलंय म्हणून सांगून टाकलं. तिचा उपाय आमच्याकडं घरोघरी चालतो, अंगाला गेरू फासायचा आणि घोंगडी पांघरून निजवायचं. तिनं सगळं मायेनंच केलं. गप पडून राहा म्हणाली आणि आपल्या गाईकडं गेली.

घोंगडीखाली माझा गळा आवळत चालला. हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती शिट्टी निघाली. बाहेर दोन बाया चाऱ्याच्या वाटपावरून भांडत होत्या. त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. एवढ्या माणसांत आपण मरणार आणि संध्याकाळच्या धारेपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही, याची भीती मला मरणाहून जास्त वाटली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मग मात्र राग आला. पाय बाहेर काढला आणि पायथ्याची पाण्यानं भरलेली बादली लाथेनं लवंडली.

पाणी सांडलं म्हटल्यावर निम्मी छावणी धावली. शिव्या देत देतच एकीनं घोंगडी ओढली आणि माझं तोंड बघून मदतीला हाका मारू लागली. जनावरं तपासायला आलेले डॉक्टर तिथंच होते. म्हणाले, "हे पित्त न्हाई. हिनं काय गोळी खाल्ली का?" मी पट्टीकडं बोट दाखवलं. त्यांनी मला उठू दिलं नाही. आडवंच उचलून चाऱ्याच्या टेम्पोत घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सरळ मांडीत इंजेक्शन दिलं. काळीज धडधडायला लागलं, हात थरथरले, आणि थोड्या वेळानं गळा सैल झाला. नुसता श्वास घेण्यात एवढं सुख असतं हे मला तेव्हा कळलं. त्यांनी बजावलं, या औषधाला पुन्हा शिवायचं नाही, कुठल्याही डॉक्टरला हे आधी सांगायचं, आणि आज इथंच राहायचं, कारण सूज उलटून येऊ शकते. सोबत कोण आहे, असं विचारलं. कुणी नव्हतं.

संध्याकाळी सिस्टरच्या फोनवरून मालकांना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. पलीकडून उसाच्या पाचटाची सळसळ ऐकू येत होती. मालक म्हणाले, "आन् जनावरं कुणापाशी हायत?"

विचारलं त्यात चूक काही नव्हतं. त्या दोन जनावरांशिवाय आमच्याकडं होतं काय? त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. तरी फोन ठेवला, भिंतीकडं तोंड केलं आणि पोटभर रडले.

सिस्टर सलाईन बघायला आली तर माझे डोळे सुजलेले. सूज उलटली समजून ती घाबरली. हनुवटी धरून तिनं माझं तोंड उजेडाकडं वळवलं, ओठ पाहिले, जीभ पाहिली, कुठं खाजतंय का विचारलं, दंडावरून हात फिरवून गांधी चाचपल्या. हे औषधाचं नाही, एवढं सांगितलं असतं तर बिचारी निघून गेली असती. मी सांगितलं नाही. तिला बघू दिलं.