चौऱ्याऐंशी हसरे चेहरे

नरहरीकाका ढोकांच्या हातून सव्वीस वर्षांत एक हजेरी चुकली नाही. कोण आलं हे बघायलासुद्धा त्यांना मान वर करावी लागत नसे, चपलेच्या आवाजावरून ते रकाना भरत. परमुलखात, कुम्हारीजवळ, आमचा कारखाना लोखंडी सळया काढणारा, लहानसाच. टाइम ऑफिसात त्यांच्या शेजारचं टेबल माझं. काका वर्ध्याकडचे, मी नागपूरची; म्हणून ते मला मुलीसारखं वागवत, आणि कामही मुलीसारखंच सांगत. "अनुजा, चहा आण" हे त्यातलंच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल संपता संपता, वरून हुकूम आला: कामगारांच्या मनाची काळजी घ्यायची आणि ती मोबाइलवर घ्यायची. एक ॲप होतं. 'आज कसं वाटतंय?' असं ते विचारणार आणि प्रत्येकानं तीनपैकी एक चेहरा दाबायचा. हसरा, गप्प किंवा रडका. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. रडका दाबला की समुपदेशकाचा फोन येणार होता. पण खाली अट होती: अशा माणसाला यंत्रावरून उतरवायचं आणि डॉक्टरचा कागद आणेपर्यंत घरी बसवायचं. मग कोण शहाणा रडका दाबेल? शिवाय निम्म्यांकडे बटनांचे फोन. आणि हुकमात तर लिहिलेलं, शंभर टक्के भरलं पाहिजे.

काकांनी यावर जो उपाय काढला तो टाइम ऑफिसचा माणूसच काढू जाणे. चौऱ्याऐंशी जणांची खाती ऑफिसच्या एकाच मोबाइलवर उघडली, सगळ्यांना एकच पासवर्ड. सकाळची हजेरी लागली की त्याच यादीवरून चौऱ्याऐंशी हसरे चेहरे. खात्यांची यादी मीच लिहून दिली होती. आला म्हणजे हजर, आणि हजर म्हणजे बरा.

"उगाच कोनाची ड्यूटी कावून घालवाची?" काका म्हणत.

मास्कच्या वर दिसणारे सगळ्यांचेच डोळे सुजलेले असायचे. रोज कोणाच्या तरी घरचं कोणी गेल्याची बातमी यायची. आम्ही ऐकायचो आणि अंगठा चालवायचो. इतके थकलो होतो की बरं-वाईट तपासायची ताकद उरली नव्हती.

शामराव दिघोरे हे आमचे क्रेनवाले. रिसालीत काकांच्या घराला लागून त्यांचं घर, तीस वर्षांची दोस्ती. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांची बायको, वच्छलाकाकू, गेली. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. पंधराव्या दिवशी शामराव डबा घेऊन गेटवर उभे. काकांनी रकाना भरला आणि हसरा दाबला. दोघंही खाली बघत होते. मी पाहिलं, आणि चहा आणायला उठले. शेजारीच राहतात, घरी बोलत असतील, अशी माझी समजूत.

जून संपत आला असेल. सळयांचा गठ्ठा हवेत असताना शामरावांनी क्रेन मधेच थांबवली आणि नुसते बसून राहिले. खालून शिट्ट्या, आरडाओरडा. माणसं वेळेवर बाजूला झाली म्हणून कोणाला काही झालं नाही. वीस मिनिटांनी एक फिटर शिडीनं वर चढला. शामराव त्याला म्हणाले, "गठ्ठा कुठं ठेवाचा, मले आठवून नाही राहिलं."

चौकशी बसली. साहेबांनी ॲप उघडून शामराव परत आल्यापासूनचे कामाचे दिवस काढले. एकतीस दिवस, एकतीस हसरे चेहरे. शेरा लिहिला गेला: कामगार मनानं पूर्ण ठीक होता, सबब हा निव्वळ निष्काळजीपणा, कामावरून कमी करावं. बायको गेलेला माणूस रोज हसत होता, असं कागद सांगत होता, आणि तो कागद आम्ही केला होता.

काकांच्या रिटायरमेंटला पाच महिने होते. तरी साहेबांना खरं काय ते सांगायचं त्यांच्या मनात आलं. "काका, गप्प राहा, यादी माझ्या अक्षरात आहे," असं मी म्हटलं. लपवत नाही, मी तसं म्हटलं. मला माझी नोकरी दिसत होती.

"तुहं नाव नाही घेत मी," काका म्हणाले. दोन दिवस त्यांनी डबा तसाच परत नेला. तिसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहब, वो चेहरे मैंने दबाए।"

"किसके? शामराव के?"

"सबके।"

साहेबांनी डोकं धरलं. हे वर कळवायचं तर त्यांचीच मान अडकणार. मग तोड निघाली. चौकशीतून ॲपचा कागद गायब, शामरावांना स्टोअरमध्ये जमिनीवरचं काम, आणि काकांनी तब्येतीचं कारण देऊन महिनाअखेर घरी बसायचं. काकांनी तिथंच राजीनाम्यावर सही केली.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "चाल, शाम्याले सांगून येऊ." एकट्यानं जायचा धीर नव्हता त्यांना, हे मला नंतर कळलं. शामराव अंगणात खुर्चीवर बसले होते. काकांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीचंही. मला वाटलं, आता शामराव गळ्यात पडतील.

"नोकरी वाचवली तू माही," शामराव म्हणाले. "विसरनार नाही. पन एक सांग, नरहरी. रोज सकाळी मी तुह्या समोर उभा राहत होतो. माह्या नावापुढं चेहरा दाबाच्या आधी एक डाव मले विचारलं कावून नाही?"



"भेव वाटला बे," काका म्हणाले. "तू रडला असता, आन् मले थांबवता आलं नसतं."

"थांबवाले कोनं सांगतलं होतं तुले?"

एवढं बोलून शामराव रडायला लागले, आणि आम्ही दोघांनी त्यांना थांबवलं नाही.