चेदाची रिकामी बाटली

राजधानी थिम्फूहून आलेला कागद गांगलुंगच्या आरोग्य सहायकानं, नीदुपनं, तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्याच्या पोटात एकाच जागी दुखलं. शाळेतल्या पोरांनी घरून चिमूटभर मीठ आणायचं, त्यावर तपासणीचा थेंब टाकायचा. मिठात आयोडीन असलं तर ते निळं होतं, नसलं तर पांढरंच राहतं. गांगलुंगच्या वीस पुड्यांपैकी सतरा पांढऱ्या निघाल्या होत्या. योरबीच्या वीसपैकी एकोणीस निळ्या. खाली मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की योरबीचे आरोग्य सहायक चेदा यांचं काम साऱ्या देशाला दाखवण्याजोगं आहे.

"काम!" नीदुप त्या कागदालाच म्हणाला. "चेदा आणि काम!"

दोघं एकाच तुकडीत शिकलेले. नीदुप पहाटे उठून पाठांतर करायचा. चेदा उन्हं वर आल्यावर, तोंडात दोमाचा विडा कोंबून, वर्गात सगळ्यांत शेवटी शिरायचा. शरीरशास्त्राच्या परीक्षेत त्यानं नीदुपच्या कागदावरून निम्मी उत्तरं उतरवली आणि त्याला नीदुपपेक्षा दोन गुण जास्त पडले. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली होती, पण ते दोन गुण नीदुपला अजून पचले नव्हते.

नीदुप कामाला वाघ, हे मात्र खरं. गांगलुंगची सत्तर घरं दोन डोंगरांवर विखुरलेली. वर्षातून चार वेळा तो प्रत्येक घर चढायचा, जळवा काढत, पाय सोलून घेत. गावातला एकही गळा त्याच्या अंगठ्यांतून सुटला नव्हता. गलगंड कुणाचा, केवढा, गेल्या वर्षीपेक्षा वाढला की बसला, सगळं त्याच्या वहीत होतं. उत्तरेकडून याकांवर येणारं जुनं मीठ त्यानं भांडून भांडून बंद करवलं होतं. दुकानातलं नवं, आयोडीनवालं मीठ आता घरोघर होतं. तरी थेंब टाकला की पांढरं. पुडा फोडला त्या दिवशी निळं, महिन्याभरानं पांढरं. मीठच भिकार येतंय, असं त्यानं थिम्फूला तीनदा कळवलं होतं.

आणि त्याच दुकानदाराकडून मीठ नेणाऱ्या योरबीत एकोणीस निळ्या!

"चेदानं पोरांना नव्या पुड्यातलं मीठ वाटलं असणार," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "मी ओळखून आहे त्याला. नक्कल करणाराच तो."

ल्हादेन चुलीशी मिरच्या चिरत होती. तिला तिसरा महिना लागला होता. तिच्या गळ्यालाही किंचित फुगवटा होता, वहीत पहिल्या पायरीत नोंदलेला. दारात त्यांची चार वर्षांची चोझोम बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं, जन्मापासूनच. आईच्या अंगात आयोडीन कमी असलं तर पोटातल्या मुलाचं असं होऊ शकतं, हे नीदुपनं गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला सांगितलं होतं. तसं ते दुसऱ्या कशानंही होतं, हे तो स्वतःला सांगायचा.

"चेदाला जाऊन विचार की," ल्हादेन म्हणाली. "मध्ये एक खिंड तर आहे."

"त्याला विचारण्यापेक्षा मी जीभ कापून देईन."

"जीभ तुझी आहे. पोट माझं आहे." तिनं सुरी खाली ठेवली. "एका पोरीचं झालं ते झालं. याला तरी ऐकू यायला हवं. जातोस, की मी जाऊ?"

तो गेला. पण विचारायला नव्हे, पकडायला. मुद्दाम तिरंदाजीच्या सामन्याचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी योरबीतले सगळे पुरुष मैदानात असणार आणि चेदा सगळ्यांच्या पुढे नाचत असणार. तपासणीच्या थेंबांची बाटली त्यानं घोच्या, म्हणजे अंगरख्याच्या, पोटकप्प्यात घातली आणि खिंड उतरला.

पहिलं घर आबी देमाचं. म्हातारीनं त्याला लोणी-मिठाचा चहा दिला.

"आबी, जरा मीठ दाखव."

"कसं दाखवू? मीठ म्हणजे काय नवरी आहे?" म्हातारी हसली आणि तिनं फळीवरून एक चपटी बाटली काढली. रमची. तोंडाला मक्याच्या कणसाचं बूच.

नीदुपनं चिमूट काढून थेंब टाकला. निळं. नुसतं निळं नाही, गडद.

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. अकराव्या घरापर्यंत त्याचा जळफळाट अंगात मावेना. चोरी सापडली असती तर तो शिट्टी वाजवत परतला असता. इथे चोरीच नव्हती. होत्या त्या नुसत्या बाटल्या, घरोघर, फळीवर, चुलीपासून लांब.

तो परत आबी देमाकडे आला. "मीठ बाटलीत का ठेवता तुम्ही? चुलीवर टांगत नाही?"

"पूर्वी टांगायचो. सगळेच टांगतात. डॉक्टर म्हणाला बाटलीत घाला." नीदुप काय नि चेदा काय, गावाला सगळे डॉक्टरच. "बाटल्या तोच वाटतो. त्याच्याइतक्या रिकाम्या करणारा दुसरा आहे कोण गावात?"

नीदुपला स्वतःचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर दिसलं. चुलीवर टांगलेली बांबूची मिठाची टोपली, बापाच्या घरी होती तशी, आज्याच्या घरी होती तशी. मीठ ओलावू नये म्हणून टांगायची. वाफेनं मीठ पाझरायचं, टोपलीच्या बुडातून आयोडीनसकट थेंब गळायचे, चुलीत चर्र व्हायचे. सत्तर घरांत त्यानं तो आवाज ऐकला होता. गळे दाबताना मान वर करून त्या टोपलीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मैदानावर चेदाचा बाण निशाणाला लागला होता आणि तो गुडघ्यापर्यंत घो उचलून नाचत होता. नीदुपला पाहताच धावत आला आणि त्यानं त्याला मिठीच मारली.

"नीदुप! अरे लेका, वाट चुकलास की काय? किती वर्षांनी!"

"बाटल्यांचं तुला कसं सुचलं?" नीदुपनं धड कुशलही विचारलं नाही.

"कुठल्या बाटल्या? मिठाच्या?" चेदा हसत सुटला. "सुचायचंय काय त्यात? टोपली विणून टांगत बसणार कोण? हाताशी बाटली होती, ओतलं तिच्यात. मग एकदा थेंब टाकून पाहिला तर माझं निळं, शेजाऱ्याचं पांढरं. म्हटलं, आयला!"

आळस. बारा वर्षं नीदुपनं हाडं झिजवली आणि या माणसाच्या पदरात पडलं ते आळसानं. त्याला वाटलं, इथेच खाली बसावं आणि रडावं. चेदाला बाण लागावा असंही त्याला क्षणभर वाटलं.

"पण तू असं विचारतोस काय?" चेदा म्हणाला. "मी तुला लिहिलं होतं की सगळं! बाटलीपण पाठवली होती टपालवाल्याबरोबर. म्हटलं, नीदुप हुशार आहे, तो नीट तपासून थिम्फूला कळवेल. मला कुठलं अहवाल लिहायला जमतंय. तुझं उत्तर नाही आलं, तर मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल."

लोकांनी आग्रह केला तरी आरा दारूचा घोटही न घेता नीदुप खिंडीला लागला.

बाटली आली होती, हे त्याला चांगलं आठवत होतं. रमची रिकामी बाटली आणि एक जाड पाकीट. ते पाहून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आपण ढोसायची आणि मला रिकामी पाठवायची! बाटली त्यानं घरात भिरकावली होती. आणि पाकीट?

खिंडीच्या माथ्यावर त्यानं मनातल्या मनात अहवाल लिहायला घेतला. "माझ्या निरीक्षणानुसार" अशी सुरुवात छान जमली. चेदाला काय, त्याला नावाची हावच नाही. खरं तर तेच सगळ्यात जास्त सलत होतं. चेदानं त्याला कधी प्रतिस्पर्धी मानलंच नव्हतं. ही सगळी शर्यत नीदुप एकटाच धावत आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला तो थेट आरोग्य केंद्रात गेला. त्याचं टेबल पूर्वी डगमगायचं. त्यानं खाली वाकून एका पायाखाली दामटलेलं पाकीट ओढून काढलं. टेबल कलंडलं, शाईची दौत घरंगळली. याच टेबलावर बसून त्यानं मीठ भिकार असल्याची तिन्ही पत्रं लिहिली होती.

आत चेदाचं गिचमिड अक्षर होतं. 'मीठ चुलीवर टांगू नका. झाकून ठेवा. तू करून बघ आणि मला खरं-खोटं सांग.' वर तारीख होती, वानर-वर्षाचा सातवा महिना.

नीदुप घरी आला. त्यानं चुलीवरची टोपली उतरवली. मग पत्र ल्हादेनला वाचून दाखवलं. टेबलाच्या पायाचंही सांगितलं.

"कधीचं पत्र म्हणालास?"

"वानर-वर्षाचं. सातवा महिना."

ल्हादेन बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागली. चोझोम त्याच्या पुढच्या, पक्षी-वर्षाच्या शेवटाला झाली होती. मोजणं संपलं तरी तिचा अंगठा त्याच पेरावर थांबून राहिला.

"म्हणजे ही पोटातसुद्धा नव्हती तेव्हा," ती म्हणाली. "का उघडलं नाहीस?"

"मत्सर," नीदुप म्हणाला. "त्याचा मत्सर वाटायचा मला. अजून वाटतो."

तिनं त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "मिठाला बाटली लागेल ना?" ती म्हणाली. "ती बघ, तिच्याकडे आहे."

दारात चोझोम बसली होती. तिच्या मांडीवर चेदाची बाटली होती, तळाला पाच-सहा खडे. ती बाटली हलवायची आणि काचेतून खडे उड्या मारताना बघून हसायची. चार वर्षं तिचं हे एकच खेळणं होतं. त्याचा खुळखुळ आवाज घरभर व्हायचा आणि तो तिच्याखेरीज सगळ्यांना ऐकू यायचा.

नीदुप तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं हात पुढे केला. बापाला खेळायचंय असं वाटून तिनं लगेच बाटली देऊन टाकली. त्यानं खडे एकेक करून तिच्या ओंजळीत टाकले आणि बाटली धुवायला घेऊन गेला.